दुसरं प्रकरण

कैक वर्षं वॉर्डात काढून ती विद्यापीठात संशोधनाला आली, तेव्हा विभागातल्या पोरांनी तिला सिस्टरच म्हणायला सुरुवात केली. विषयही तिने वॉर्डातलाच घेतला: डॉक्टरांची चूक दिसूनही नर्सेस गप्प का बसतात?

त्या विभागात प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे सिद्धान्ताचं, कोणी लिहीतच नसे. थोरल्याची सायकल धाकट्याला मिळावी, तसं ते वरच्याकडून खालच्याकडे येई. त्यात विभागप्रमुख सरांचा सिद्धान्त असे: जो गप्प बसतो, त्याने सत्ता मनातून मान्य केलेली असते. ते प्रकरण जोडायचं आणि पुढे त्याचं तोंडही बघायचं नाही. संशोधन म्हणे!

सिस्टरने मात्र तो सिद्धान्त वाचला आणि वॉर्डातल्या नर्सेसना लावूनही पाहिला. डॉक्टरांसमोर मिठाची गुळणी धरणाऱ्या नर्सेस कपडे बदलायच्या खोलीत त्यांचीच सालटी काढत. नव्या मुलीला बजावत, "त्यांनी लिहिलेला डोस दोनदा बघ गं." मनातून मान्य असतं तर असं कशाला बजावलं असतं? सिद्धान्त इथे लंगडा पडतो, असं तिने चौथ्या प्रकरणात सरळ लिहिलं.

"सिद्धान्त आधाराला असतो, बाई, तपासायला नाही," सर म्हणाले. "चौथं प्रकरण काढा, नाहीतर माझी सही विसरा."

घरी नवरा भांडी विसळत म्हणाला, "काढून टाक ना. पदवी मिळाली की लिही काय हवं ते."

"मग इतकी वर्षं काय त्यांची टिमकी वाजवायला घालवली मी?" ती कडाडली.

सादरीकरणाच्या दिवशी सरांनी तिला मध्येच तोडलं. "माझा सिद्धान्त चुकीचा आहे, असं इथे कोणाला वाटतं?"

सगळ्यांच्या माना खाली. सर हसले. "बघा. सगळ्यांना मान्य आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळीच कॅन्टीनमध्ये याच मंडळींनी तिची पाठ थोपटली होती.

"सर, हे गप्प आहेत, कारण सह्या तुमच्या हातात आहेत. मान्य आहे की नाही, ते कॅन्टीनमध्ये येऊन ऐका. माझं चौथं प्रकरण दुसरं काय सांगतंय?"

तरीही कोणी तोंड उघडलं नाही. सरांना मात्र पुन्हा हसता आलं नाही.

सही अजून मिळालेली नाही. विभागात हल्ली दुसऱ्या प्रकरणाबरोबर तिचं चौथंही खालच्यांकडे जातं म्हणे, गुपचूप. त्या गुपचूपची तिला न मिळालेल्या सहीपेक्षा जास्त चीड येते.