भातुकलीच्या परातीतले स्क्रू

सहा वर्षांच्या मुलीसाठी भेट घ्यायला गेलात की तुमचा हात थेट भातुकलीकडे का जातो? माझा गेला, म्हणून विचारतो. मुलींना चुलीला बांधू नका, अशी पत्रकं वाटणारा मी जयपूरच्या बाजारातून भाचीसाठी पितळेची भातुकली घेऊन आलो!

तिथेच, जयपूरच्या खातीपुऱ्याला, रेल्वे क्वार्टरमध्ये ताईच्या शेजारी भुसावळकडचे एक फिटर राहतात. कुणाकडेही गेले तरी बसण्याआधी खुर्ची हलवून बघतात आणि खिशातला पेचकस काढून तिचे स्क्रू आवळतात. बोलताना वाक्यावाक्याला 'मतलब' असतं.

आदल्या आठवड्यात भाचीने रेडिओ खोलून ताईचा मार खाल्ला होता. तेव्हापासून ती कशालाच हात लावत नव्हती. वाढदिवसाला माझी भातुकली बघून ती नुसतं "थँक्यू मामा" म्हणाली.

मग फिटर आले. खुर्ची आवळून बसले आणि पिशवीतून गजराचं बंद घड्याळ काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं.

"भाऊ, वाढदिवसाला कबाड?" ताई हसली.

"मतलब, बिघडलेलंच आहे ना वहिनी! आता हिनं बिघडवलं असं कोण म्हणणार?" त्यांनी आपला पेचकस भाचीच्या हातात दिला. "खोल, बेटा."

तिने माझ्याच भातुकलीच्या परातीत एकेक स्क्रू ओळीने मांडला. आज ते पुन्हा आले तेव्हा त्यांची खुर्ची तिनेच आवळली.

तुमच्या घरच्या मुलीला आज एवढंच विचारा: तुला काय खोलून बघायचंय? आणि तेच आणून द्या.