सुनावणीची पिशवी

सुनावणीच्या दिवशी मी पोरीची पिशवी भरली. चूक एवढीच.

आम्ही नवरा-बायको तिचे तात्पुरते पालक. दत्तक नव्हे, नात्यातलं कुणी मिळेपर्यंत सांभाळायचं. आई गेलेली, वडिलांचा पत्ता नाही. सात वर्षांची पोर आमच्या धायरीच्या घरात चांगली रुळली, भांडायलासुद्धा लागली, आणि मग वाघोलीची एक मावशी पुढे आली. पोरीने कुणाकडे राहायचं, हे मुलांची प्रकरणं पाहणारी समिती त्या दिवशी ठरवणार होती.

सुनावणी म्हणजे दिवसभर व्हरांड्यात बसणं. म्हणून मी पिशवीत फ्रॉक, स्वेटर, टॉवेल, चिवडा, तिचा कापडी ससा, सगळं कोंबलं.

"अहो, सुनावणीला निघालोय, महाबळेश्वरला नाही," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय," मी म्हणालो. हे वाक्य मी नेमक्या चुकीच्या दिवशीच म्हणतो.

पोर पिशवीकडे बघून गप्प झाली. रिक्षात गप्प, व्हरांड्यात गप्प. मी शिपायाला चिवडा देत होतो आणि आत काय बोलायचं याची तालीम करत होतो. दुपार कलल्यावर पुकारा झाला. समितीत आमचं प्रकरण आधी पाहणाऱ्या बाई बदललेल्या. नव्या बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. नाव काय, शाळा कुठली. मग मावशीसमोर, आमच्यासमोरच विचारलं, "बाळ, तुला कुठं राहायला आवडेल?"

पोरीने माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. म्हणाली, "कुठंही चालेल."

मुलीला या घराची विशेष ओढ दिसत नाही, सबब मावशीकडे द्यावी, असं ठरलं.

बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं, "काका, ससा घेतलाय ना?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आईचं घर सुटलं तेव्हा तिची पिशवी भरली होती. बालगृहातून आमच्याकडे आली तेव्हाही. पिशवी भरली की घर बदलतं, एवढंच तिला ठाऊक.

मी धावत आत गेलो, सांगितलं. बाई थकलेल्या होत्या. "आम्ही मुलीला विचारलं होतं ना?" म्हणाल्या. विचारलं होतं, खरंच. पण दिवसभर ताटकळलेल्या मुलाला परक्या माणसाने, सगळ्यांसमोर असं विचारू नये. आधी कुणीतरी घरी यावं, सशाचं नाव विचारावं, आणि पुढेही त्याच माणसाने विचारावं. हे मी हल्ली भेटेल त्याला ऐकवतो. त्या दिवशी मात्र चिवडा वाटत होतो.

ती जायच्या दिवशी मी पिशवीला हातच लावला नाही. कपडे घडी करून, इस्त्रीवाल्यासारखे दोन्ही हातांवर घेऊन दारात उभा राहिलो. वरचा स्वेटर घसरून पडला. बायको आत तोंड धुवत होती, बराच वेळ.

पोरीने स्वेटर उचलला, झटकला.

"काका, असं कुणी नेतं का? पिशवीत भरायचं असतं. एवढं पण कळत नाही तुम्हाला."