समोरच्या वहिनींचं तळं

आमच्या समोरच्या वहिनींच्या मते जगात जागा दोनच. एक त्यांचं तळं आणि दुसरी म्हणजे उरलेलं सगळं. उरलेल्यात मुंबई आली, दिल्ली आली, त्यांची लेक राहते ती दुबईही आली. दुबईला त्या महिनाभर राहून आल्या. मजल्यावरच्या आम्ही सगळ्या बायका ऐकायला जमलो, तर म्हणाल्या, "समुद्र आहे बापडा, पण त्याला पायऱ्या कुठेत?" तळ्याला पायऱ्या होत्या. मी बदलापुरात, बेलवलीच्या या इमारतीत राहायला आले तेव्हा त्या अकरा होत्या. पुढल्या वर्षी सतरा झाल्या. लेक बाळंतपणाला आली तेव्हा बावीस, आणि नातीच्या बारशाला पाहुण्यांसमोर सरळ तीस. पायऱ्या नऊ होत्या. लहानपणी ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन मी त्या रोज चढत होते.

कारण त्यांचं नि माझं तळं एकच. बदलापूर तेव्हा लहान गाव होतं, आणि गावाच्या कडेला ते तळं. वहिनींचे वडील गावातले डॉक्टर. त्यांचं घर पाण्याला लागून, ओसरीवर बसलं की समोर कमळं. आमची झोपडी पलीकडच्या काठाला. माझ्या बापाने तळ्यात शिंगाड्याचे वेल लावायचा मक्ता घेतलेला. वहिनींना हे मी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "तू मूळची कुठली गं शालू?" मी तोंड उघडेपर्यंत त्या म्हणाल्या, "मी ना, तळ्यावरची," आणि पुढचा दीड तास त्यांचा. मग राहूनच गेलं. माझं बरंच काही असं राहून जातं.

लग्नानंतर वहिनी बरीच वर्षं उल्हासनगरला होत्या. भाऊजी अंबरनाथच्या कारखान्यात. तिथे शेजारी सगळे सिंधी, म्हणून वहिनींनी तळ्याचं हिंदी करून घेतलं. कोपऱ्यावरचा पापडवाला त्यांना लांबून येताना बघून विचारायचा, "माई, आज तलाव खुला है या बंद?" वहिनींना यात थट्टा दिसली नाही. त्या पिशवी खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खुला है, सुनो." इथे सोसायटीच्या मीटिंगमध्येही तेच. पाणी चार दिवस नव्हतं, टँकर मागवायचा की नाही यावर भांडण चाललेलं, आणि वहिनी उठून म्हणाल्या, "आमच्या तळ्याला कधी टँकर लागला नाही." सेक्रेटरी साताऱ्याकडचे. ते हात जोडून म्हणाले, "वैनी, तळं ऱ्हाऊ द्या, टाकीचं बोला की." मागे एकदा त्या तळं बघायला गेल्या. आता तिथे लोखंडी कठडा आहे, रंगीत दिव्यांचं कारंजं आहे. वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. वहिनींनी त्याला उठवलं. "तू बसलायस तिथे आमचं आंब्याचं झाड आहे," म्हणाल्या. झाड कधीच तोडलं होतं, पण तो बिचारा खुर्ची घेऊन बाजूला झाला.

मला त्यांचा फार हेवा वाटतो. त्यांच्या बांगड्यांचा नाही, दुबईचाही नाही. त्या डोळे मिटून म्हणतात, "दिवाळीनंतर पहाटे तळ्यावर धुकं यायचं, दूध सांडल्यासारखं." मला त्याच धुक्यात बोटं वळायची नाहीत एवढी थंडी आठवते. बाप मडकी पोटाखाली धरून पाण्यात तरंगत वेल उलटायचा, मी काठावर शिंगाडे खुडून टोपलीत टाकायचे. त्याचे काटे नखाखाली जातात. मग आई मोठ्या पातेल्यात ते उकडायची, उकडले की काळे पडतात, आणि सोलून सोलून माझी बोटंही काळी. चौथीनंतर शाळा सुटली ती त्याच हंगामात. आणि वहिनी म्हणतात, "शिंगाडे उकडल्याचा वास आला की आम्ही भावंडं ओसरीवरून उड्या मारायचो!" एकाच पाण्यातून त्यांना कमळं मिळाली आणि मला काटे, हे एक वेळ सोडून देईन. पण आठवणीसुद्धा सगळ्या चांगल्या त्यांनाच मिळाव्यात? त्यांना तळ्यावरच्या बकऱ्यांची नावं आठवतात. लंगडा कुत्रा आठवतो. एक बगळा आठवतो, तो म्हणे फक्त गुरुवारी यायचा. पायऱ्यांपाशी शिंगाडे विकत बसलेली मुलगी त्यांच्या एकाही गोष्टीत आली नाही. मी वाट बघायचे. दर वेळी बगळा यायचा.

मागच्या दिवाळीनंतर वहिनींनी गच्चीवर तळं करायला घेतलं. निळा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून आणला, तळाला माती घातली, पाणी भरलं. मग स्टेशनजवळून पाव किलो शिंगाडे आणले, हळदकुंकू वाहिलं आणि एकेक करून पाण्यात सोडले. सगळा मजला बघायला. मीही होते. शिंगाडे काळेकुट्ट होते. उकडलेले.

मला बोलता आलं असतं. मी गप्प बसले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकी वर्षं तळं तळं करणाऱ्या बाईला कच्चा शिंगाडा हिरवा असतो हेसुद्धा माहीत नव्हतं. ते माझ्याकडचं होतं. ते मी देणार नव्हते.

वहिनी रोज सकाळी गच्चीवर जायच्या. डासांची अळी शोधायला आरोग्य खात्याच्या दोन मुली आल्या, त्यांनी ड्रम बघून विचारलं, "आजी, हे काय आहे?" वहिनी म्हणाल्या, "तळं." मुली ड्रम ओतायला निघाल्या तर वहिनी दोन्ही हात पसरून आडव्या झाल्या. शेवटी त्या मुलींनी अळ्या खाणारे छोटे मासे आणून सोडले. मासे वाढले, त्यांना पिल्लं झाली, पण वेल काही येईना. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नुसत्या पाण्याच्या ड्रमचा फोटो टाकून लिहिलं, 'तळ्याकाठी बोटिंग सुरू.' सेक्रेटरींनी सांगितलं, "होळीपर्यंत कायतरी उगवू द्या वैनी, न्हाईतर ड्रम खाली."

होळीच्या आदल्या सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. वहिनी ड्रमपाशी बसल्या होत्या, कोपरापर्यंत हात पाण्यात. एक शिंगाडा वर काढला तर तो बोटांत पिठासारखा फुटला.

"शालू," त्या म्हणाल्या, "माझा भाऊ म्हणतो तळ्यात शिंगाडे नव्हतेच. मी मनाने रचते. मीच चुकत असेन का गं? आता दुसरं विचारायला कुणी उरलं नाही."

एवढा लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं होतं, त्या हरल्या की मला आनंद होईल. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला.

"होते," मी म्हटलं. "पूर्वेच्या अंगाला. अर्धं तळं झाकलेलं असायचं. हे उकडलेले आहेत वहिनी, म्हणून उगवले नाहीत."

"तुला काय माहीत?"

"माझा बाप लावायचा. मी पायऱ्यांच्या डाव्या हाताला बसायचे. विकायला."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या चेहऱ्यात त्या मुलीला शोधत होत्या. त्यांना काही सापडलं नाही, ते मला दिसलं. आठवलं असतं तर त्या आधी ओरडल्या असत्या.

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस? मेले, मी हवेत तलवारी फिरवत होते की गं!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "पायऱ्या किती होत्या?"

मी म्हटलं, "तीस."

ड्रम होळीला खाली गेला. मासे सेक्रेटरींच्या बायकोने मागून नेले. वहिनींना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तोवर त्या तिन्ही मजले फिरून आल्या होत्या. "ही आणि मी एकाच तळ्यावर वाढलो," असं त्या सगळ्यांना सांगतात, आणि मी बाजूला उभी असते. मग गोष्ट सुरू होते. पायऱ्यांवर एक मुलगी बसायची, पिवळा झगा, दोन वेण्या, खळाळून हसायची. आम्हाला बघितलं की ओंजळभर शिंगाडे फुकट द्यायची आणि म्हणायची, खा गं पोरींनो, तळं आपलंच आहे.

मला पिवळा झगा कधीच नव्हता. मी कुणाला फुकट काही दिलं नाही, आणि हसले असेन असंही वाटत नाही. मी वहिनींना थांबवत नाही. गेल्या आठवड्यात त्या मुलीच्या वेण्यांत त्यांनी अबोली माळली. मी घरी आले, चहा टाकला, आणि तो उतू जाईपर्यंत त्या मुलीचाच विचार करत उभी राहिले. काय नशीब होतं पोरीचं.