सरूबाईची मूठ

बाजाराच्या दिवशी सकाळी शेगावच्या आमच्या जिनाच्या फाटकावर बायका मुठी झाकून उभ्या होत्या आणि पोतं धरायला कुणी नव्हतं. "सरूबाई पहाटंच गेली जी," एकीनं सांगितलं. तिला जाऊन आता महिना होईल.

कापसाच्या त्या कारखान्यात मी वजनाचा कारकून आणि सरूबाई कापूस निवडणाऱ्या बायकांची मुकादमीण. जिभेला हाड नाही, पण माया उदंड. तिच्या टोळीतल्या एकीच्या मुलीला, मंजूला, मानेला गाठ आली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यानं कर्करोग सांगितला. पण प्लेग पाहिलेली माणसं गाठ म्हटलं की दारं लावायची. शाळेनं मंजूला वर्गात बसू दिलं नाही. घरी जाऊन शिकवायला एक म्हातारे गुरुजी तयार झाले, पण पोट त्यांनाही होतंच. मग सरूबाईनं फाटकावर पोतं धरलं. बाजाराच्या दिवशी प्रत्येकीनं घरून मूठभर ज्वारी आणायची आणि मूठ झाकूनच पोत्यात सोडायची. कुणाची मूठ केवढी, हे बघायचं नाही.

पोतं माझ्यापुढं आलं तेव्हा मी हसलो. म्हणालो, "जी जगायचीच नाही, तिला बाराखडी कशाला?"

कापसाच्या गंजीआडून मंजू उठली. घरी कुणी नसलं की आई तिला कामावर आणायची. हातात पाटी होती. माझ्याकडे बघत राहिली नुसती...

"तिनं आयकलं नं बाबू," सरूबाई म्हणाली. एवढंच. तिनं शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पुढच्या बाजारी मी ज्वारी नेली. सरूबाईनं पोतं पुढं केलं. मंजूशी दोन शब्द बोलावेत असं रोज वाटे आणि रोज मी वजनाच्या काट्यात डोकं घालून बसे. होळीच्या सुमाराला ती गेली. बऱ्याच दिवसांनी मी धीर करून सरूबाईला विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलली का गं ती?"

"बोल्ली नं. म्हने, बाबू खरंच बोल्ले. पन मले आता वाचता येते, थे बी खरंच हाय."

मंजूनंतरही पोतं थांबलं नाही. सध्या गुरुजी एका मुलीला शिकवतात, तिच्या पायाला तसलीच गाठ आहे. म्हणून सरूबाईच्या दहाव्यानंतरच्या बाजारी पोतं मी धरलं. एका नव्या बाईनं विचारलं, "कोनासाठी हो बाबू?"

"शिकणाऱ्या लेकरासाठी," मी म्हणालो.

तिनं मूठ सोडली. मी मान खाली घातली, सरूबाईच्या रिवाजाप्रमाणं. सगळ्यांच्या शेवटी माझी मूठ. गंजी माझ्या पाठीशीच होती... मी वळून पाहिलं नाही. तिथं कुणी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या गंजीजवळ मी अजून हळूच बोलतो.