न बसता नाकारलेली खुर्ची

पोळ्याला नमुन्याची खुर्ची मागवली, दसऱ्याला परत पाठवली. जबाबदार: आमच्या वाचनालयाची खरेदी समिती, अध्यक्षांसह. कारण एवढेच, की "पसंत नाही."

ती घडवणाऱ्या इचोड्याच्या सुताराचे नाव मला ठाऊक नाही. प्रत्येक नवी खुर्ची तो आधी दुकानाबाहेर रस्त्यावर ठेवतो. येणाऱ्याजाणाऱ्याने बसावे आणि खोट काढावी, हा त्याचा शिरस्ता. "मिस्त्री, ये कुर्सी है या सज़ा?" असे या खुर्चीवर बसून एका ट्रकचालकाने विचारले, तेव्हा तो मनापासून हसला आणि पाठीला नेमके कुठे टोचते ते विचारू लागला. खुर्चीचा हात कोपराला रुततो, असे मीही सुनावले. "बसूनच राहा, काका," म्हणत त्याने कोपराखाली पेन्सिलीने खूण केली आणि तिथल्या तिथे कानस फिरवली. टीकेने इतका खुलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग त्याने ती खुर्ची गोणपाटात बांधून समितीकडे धाडली. वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्यांचे काम तिच्यावर अवलंबून होते. ती परत आली, तेव्हा त्याने मारलेली सुतळीची गाठ तशीच होती.

"नाई म्हटलं त्याचं काई नाई, काका. पन खोट काऊन नाई सांगितली? आता मी काय सुधरवू?"

खुर्ची पुन्हा रस्त्यावर आहे, पेन्सिल त्याच्या कानावर आहे. अध्यक्षांनी इचोड्याला यावे, भर बाजारात तिच्यावर बसावे आणि तिची खोट सर्वांदेखत सांगावी.