प्रार्थनेचा विषय

आमच्या मंडळीत एखाद्याचा चारचौघांत अपमान करायचा असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करतात. भांडणात उलट बोलता येतं, प्रार्थनेत येत नाही. तुमचे डोळे मिटलेले, मान खाली, आणि बोलणारा तुमच्याशी बोलतच नसतो, देवाशी बोलत असतो. माझ्या सासूबाई यात तरबेज. एरवी नगरकडचं गावरान बोलणाऱ्या या बाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की भाषा एकदम इस्त्रीची. हे स्वर्गीय पित्या, आमच्या सूनबाईला वेळेवर उठण्याचे सामर्थ्य दे. हे कृपाळू देवा, तिच्या जिभेला लगाम घाल. पिंपळे गुरवच्या आमच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं बसायची आणि माझ्या एकेका अवगुणाला सगळी एका सुरात आमेन म्हणायची. नंतरचा चहा मीच करायचे.

मी आकुर्डीच्या बौद्ध घरातली. आमच्याकडे वंदना असते, मागणं नसतं. कुणाकडे तरी मागता येतं, त्याला ‘तू’ म्हणता येतं, त्याच्यापुढे रडता येतं, याची मला लग्नाआधीच भुरळ पडली होती. बाप्तिस्मा मी स्वतःच्या मनाने घेतला. माहेरच्यांना वाटतं नवऱ्यासाठी घेतला. सासूबाईंना तो नुसता पाण्याचा वाटायचा, मनापासूनचा नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर मला दिवस गेले आणि तिसरा महिना संपायच्या आत सगळं संपलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मी सासूबाईंना एकच विनंती केली, की हे शुक्रवारी काढू नका. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं असावं.

शुक्रवारी त्या उभ्या राहिल्या. “हे पित्या, या घरात तू पाठवलेले लेकरू तू परत नेलेस. त्याच्या आईचा विश्वास अपुरा आहे हे तुला ठाऊक होते. तिला पश्चात्तापाचे मन दे.”

सगळे आमेन म्हणाले. माझ्या शेजारी बसलेला माझा नवराही म्हणाला. मागाहून मला समजवायला लागला, की अगं, सवयीनं गेलं तोंडातून. मी त्याला अजून पुरतं माफ केलेलं नाही आणि मला घाईही नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी देवाशी फक्त कंपनीच्या बसमध्ये बोलले. आमची फर्स्ट शिफ्टची बस नाशिक फाट्यावरून चाकणला जाते आणि मोशीत हमखास अडकते. बाकीच्या बायका झोपलेल्या असायच्या. खिडकीला डोकं टेकून मी त्याला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलायचे. चोर म्हणाले. लेकरं पळवणारा म्हणाले. सभेत शिकलेला एक शब्द त्यात नव्हता. आणि गंमत बघा, आमच्या हॉलमध्ये इतकी वर्षं जो कधी जवळ आला नाही, तो त्या बसमध्ये माझ्या शिव्या खात शेजारी बसून राहायचा. उत्तर द्यायचा नाही, पण उठूनही जायचा नाही. मला त्याचा असा लळा लागला, की चाकण आलं की उतरू नये वाटायचं.

मग एका शुक्रवारी मी उभी राहिले. “देवा, माझं लेकरू तू नेलंस असं या घरात सांगतात. मला ते खरं वाटत नाही. तू तसा नाहीस. ज्यांना तू तसा वाटतोस, त्यांना तुझी ओळखच झालेली नाही.”

शेवटचं वाक्य सासूबाईंना लागावं म्हणूनच बोलले होते. कुणीही आमेन म्हणालं नाही. मंडळीचे पास्टर, म्हणजे आमचे पाळक, यांनी घसा खाकरला आणि घाईघाईने गीत सुरू केलं.

सगळे गेल्यावर मी कप विसळत होते, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. आता तोफ सुटणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

“माझीबी दोन गेली व्हती,” त्या म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याच्या आधी. माझ्या सासूनं भर मंडळीत हेच म्हणलं व्हतं.”

सभेत साक्ष देणाऱ्या बाया सांगतात, की अशा वेळी हृदय पाझरतं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. माझं काही पाझरलं नाही. उलट डोकंच फिरलं. जे स्वतः सोसलं तेच बाईने माझ्या गळ्यात घातलं होतं. मी नळ बंद केला.

“मग तुम्हाला खरं वाटलं होतं का ते, आई?”

“अजून वाटतं,” त्या म्हणाल्या, आणि भरलेले डोळे पुसायलाही न थांबता बाहेर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बस मोशीत अडकली, तेव्हा मी देवाला माझं काहीच सांगितलं नाही. म्हातारीला सांग, एवढंच म्हटलं. तिची लेकरं तू नेली नाहीस हे तिला तूच सांग. माझं ती ऐकायची नाही.