ओढणीमागचा फादर

पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याआधी, मुलांना पापांची कबुली द्यावी लागते. आठ वर्षांची पोरं फादर ज्या जाळीआड बसतात तिच्यासमोर गुडघे टेकतात आणि ऐनवेळी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून आमच्या पापडी गावात आईबाप घरीच तालीम घेतात. धर्मशिक्षणाच्या सिस्टरांनी पालकसभेत बजावलं होतं, "पद्धत शिकवा, पण पापं विचारू नका. ती मुलांची आणि देवाची गोष्ट आहे." मी कुणाचं ऐकणारा नव्हे.

त्याच सभेत मी बोललोही होतो. मला बोलायला आवडतं. माझ्या बापाने मला वाडीतल्या चिंचेच्या फोकाने सोलून काढलं होतं, पण मी माझ्या मुलीला आजवर चापटसुद्धा मारलेली नाही, असं मी छाती फुगवून सांगितलं. मुलांची झोप किती महत्त्वाची, यावरही तोंडाची वाफ दवडली. आमची मुलगी मी कामावरून येतो तेव्हा गाढ झोपलेली असते, हे उदाहरण दिलं. समोरच्या बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. माझी बायको मात्र खाली बघत राहिली. मला वाटलं, नवऱ्याच्या कौतुकाने लाजली असेल.

मग गेल्या रविवारी दुपारी, बायको मागे वाडीत असताना, मी खुर्चीच्या पाठीवर तिची ओढणी टाकली, मागे बसलो आणि आवाज जाड करून म्हणालो, "बोल, बाळ." मुलगी खुदकन हसली. मग गुडघे टेकून तिने हात जोडले आणि एकदम गंभीर झाली. मुलं खेळात अशी शिरतात की समोर बाप बसलाय हेही विसरतात. चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना चालू असताना बडबड केली, मैत्रिणीचा खोडरबर परत दिला नाही, असं तिने सांगितलं. मी ओढणीआड हसू दाबत होतो.

"आणि फादर, मी खोटं वागते," ती म्हणाली. "पप्पांच्या स्कूटरचा आवाज आला की मी पांघरूण घेऊन झोपल्याचं नाटक करते."

मी विचारलं, "का?" जाड आवाज कसाबसा टिकला होता.

"जागी असले की माझ्याकडून काहीतरी चुकतं. पाणी सांडतं, नाहीतर पाढा चुकतो. मग पप्पा ओरडतात आणि मला पोटात दुखतं. मम्मी पप्पांना सांगते, ती झोपली. फादर, मग ते पाप मम्मीचं की माझं?"

माझा आवाज मोठा आहे हे मला ठाऊक होतं. आमच्या घराण्यातच तो मोठा, असं म्हणून मी तो विषय उडवून लावत असे. हात उगारत नाही, एवढ्यावर मी स्वतःला पास करून टाकलं होतं. आणि ज्या झोपेचं मी चारचौघांत कौतुक केलं, ती ही होती. बायकोची ती खाली गेलेली मान आठवली आणि कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फादर, हे पप्पांना नका सांगू हां," ती हळूच म्हणाली.

"नाही सांगणार," मी म्हणालो.

त्याच क्षणी ओढणी बाजूला सारायला हवी होती. तिला जवळ घेऊन सांगायला हवं होतं की यात तुझं काही चुकलेलं नाही, चुकलंय ते माझं. पण मला तिच्यासमोर तोंड दाखवायची लाज वाटली. आपल्याच आठ वर्षांच्या मुलीची.

"हे पाप नाही, बाळ. जा आता," मी कसंबसं म्हटलं.

ती हलली नाही. "असं नसतं, फादर. सिस्टर म्हणाल्या, प्रायश्चित्त द्यावंच लागतं."

"बरं. एक 'नमो मारिया' म्हण."

तिने डोळे घट्ट मिटले आणि एकही शब्द न गाळता, चुकेल की काय या भीतीने सावकाश, ती सबंध प्रार्थना म्हटली. आणि मी ओढणीमागे बसून तिला ती म्हणू दिली.